हाँगकाँगमधली निवांत डिमसम दुपार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार ते सहा मित्र, एक गोल टेबल, हाताशी दोन तास आणि घराजवळचं नेहमीचं रेस्टॉरंट. हाँगकाँगमधल्या अशा बैठकीबद्दल नवखे लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. पदार्थांची नावं मेनूवरच्या रोमन स्पेलिंगप्रमाणे लिहिली आहेत. खरा कँटोनीज उच्चार मात्र थोडा वेगळा असतो आणि मराठी जिभेला तो सोपा जातो. मेनूवरचा ‘ग’ बहुतेक वेळा आपला ‘क’, ‘ब’ म्हणजे ‘प’ आणि ‘ड’ म्हणजे ‘त’. कोळंबी भरलेल्या डंपलिंगला ‘हार गाऊ’ ऐवजी ‘हा काऊ’ म्हणा, वेटरला लगेच कळेल.

डिमसम आणि ‘यम चा’ यांत फरक काय?

डिमसम हे पदार्थ. ते खायला जमणं म्हणजे यम चा, शब्दशः ‘चहा पिणे’. हाँगकाँगचा माणूस मित्राला ‘यम चाला येतोस का?’ असं विचारतो. टेबलावर आधी चहा येतो, बिलात चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात आणि किटलीत पाणी पडत राहतं तोवर बैठक मोडत नाही. प्रथा मूळची दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातली, ग्वांगचौच्या चहाघरांतली. जुन्या गिऱ्हाइकाचं माप होतं ‘एक कप, दोन नग’: झाकणाच्या कपात चहा आणि सोबत दोन डिमसम, बस्स. ‘चा’ आणि आपला ‘चहा’ मुळात एकच शब्द, हे सांगायला नकोच.

म्हणजे मोमोच ना?

नाही. मोमो तिबेट-नेपाळकडचा, साध्या कणकेचा किंवा मैद्याचा. डिमसम हे एका पदार्थाचं नावच नाही. वाफवलेलं, तळलेलं, भाजलेलं, गोड, तिखटमिठाचं, अगदी भाताच्या पेजेपर्यंत सगळं त्यात येतं. भारतात बांबूच्या टोपलीत आलेल्या कुठल्याही पारदर्शक मोमोला डिमसम म्हणतात, त्यामुळे हा घोळ झाला.

किती वाजता गेलेलं बरं?

निवांत बसायचं असेल तर कामाच्या दिवशी ११ वाजता किंवा पावणेदोननंतर. साडेबारा ते दीड ऑफिसवाल्यांची झुंबड असते. रविवारी ११ ते दीड आजी-आजोबांसकट अख्खी कुटुंबं येतात आणि मदर्स डेला तर जाऊच नये. बऱ्याच ठिकाणी दुपारी २ नंतर तेच पदार्थ सवलतीच्या दरात मिळतात. पण तोवर एखाददुसरा पदार्थ संपलेला असतो आणि काही स्वयंपाकघरं तीनच्या आसपास विश्रांती घेतात. संध्याकाळी जुन्या धाटणीच्या ठिकाणी डिमसम मिळेलच असं नाही, तो सकाळ-दुपारचा मामला आहे.

गर्दीच्या वेळी टेबल दीड तासासाठीच मिळतं, तेही बहुधा आधी सांगून. म्हणून वेळ निवडणं ही निवांतपणाची पहिली पायरी. बाकीच्या पायऱ्या ऑर्डरच्या कागदावर आहेत.

टेबलावर बसल्या बसल्या काय करायचं?

वेटर पहिला प्रश्न विचारतो तो चहाचा. मेनू बघत बसू नका, चहा सांगून टाका. मग दोन किटल्या येतात: एकीत चहा, दुसरीत नुसतं गरम पाणी. चहा कडक झाला की त्यात हेच पाणी घालायचं.

सोबत एखादं मोठं भांडं आलं तर ते खायला नाही, धुवायला आहे. पहिल्या पाण्याचा चहा किंवा गरम पाणी वाटीत ओतून त्यात कप, चमचा आणि चॉपस्टिकची टोकं फिरवून घेतात आणि पाणी त्या मोठ्या भांड्यात टाकतात. ताटंवाट्या आधीच धुतलेल्या असतात. ही स्वच्छतेपेक्षा सवय जास्त. महागड्या रेस्टॉरंटात कुणी करत नाही, साध्या ठिकाणी न करणारा नवखा समजावा.

आल्या आल्या शेंगदाण्याची किंवा लोणच्याची बशी ठेवली जाते, ती फुकट नसते. नको असेल तर हात लावायच्या आत परत द्या.

चहा कोणता मागवावा?

पोऊ लेय, म्हणजे पु-अर चहा. काळपट, मातीच्या वासाचा. कितीही वेळ किटलीत राहिला तरी फारसा कडवट होत नाही, म्हणून दोन तासांच्या बैठकीला हाच योग्य. तळलेल्या आणि चरबीच्या पदार्थांवर उतारा म्हणूनही लोक तोच घेतात. त्याचा वास सोसत नसेल तर कुक पोऊ, म्हणजे पोऊ लेयमध्ये शेवंतीची फुलं. नवख्यांना हा लगेच आवडतो. हलका हवा असेल तर साऊ मेय हा पांढरा चहा किंवा मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांच्या वासाचा हेओंग फिन. थिट कून याम सुंदर असतो, पण पानं पाण्यात राहिली की तुरट होतो. गप्पा मारत बसणाऱ्यांनी तो टाळावा.

सहा जण असाल तर दोन वेगळे चहा मागवता येतात, दर तरी माणशीच लागतो. दूध-साखर मागू नका.

चहा ओतण्याचे काही नियम आहेत म्हणे?

आहेत, पण थोडे. आधी दुसऱ्यांचे कप, सगळ्यात शेवटी स्वतःचा. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात. कप काठोकाठ भरायचा नाही, बारा आणे भरला की पुरे, कारण त्या कपाला कान नसतो आणि बोटं भाजतात. किटलीची चोच कुणाच्या तोंडाकडे रोखून ठेवू नये.

तुमच्या कपात कुणी चहा ओतला की तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करा. हे ‘आभारी आहे’. चीनचा छ्यनलोंग बादशहा वेषांतर करून हिंडताना त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला उघड दंडवत घालता येईना, म्हणून त्याने बोटांचे गुडघे टेकले, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, सोय मोठी आहे: तोंडात घास असताना, कुणी बोलत असताना मध्ये न पडता आभार मानता येतात.

किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवा. हाका मारायची गरज नाही, वेटर येऊन पाणी भरून जातो.

ऑर्डरचा कागद कसा भरायचा?

कागदावर पदार्थांची यादी असते, हव्या त्या पदार्थापुढे किती टोपल्या हव्यात तो आकडा किंवा खूण टाकायची. इंग्रजी मेनू बहुतेक ठिकाणी मागितला की मिळतो. पण कागद चिनीतच असेल तर दोन्ही शेजारी ठेवून क्रमांक जुळवा. पदार्थांचे भाव ‘लहान, मध्यम, मोठा, विशेष’ अशा गटांत असतात. हे आकाराचे नव्हे, किमतीचे गट आहेत. लहान गटातला पदार्थ पोट भरणारा असू शकतो आणि विशेष गटातल्या टोपलीत तीनच नाजूक नग निघतात.

चार जणांना किती टोपल्या लागतात?

माणशी अडीच ते तीन पदार्थ. चौघांना दहा-अकरा. हार गाऊ आणि सिउ माय (मांस-कोळंबीचं उघड्या तोंडाचं डंपलिंग) एका टोपलीत बहुधा चार-चार येतात, चार सिउ बाओ (भाजलेलं डुकराचं मांस भरलेला वाफवलेला बन; हा ‘चार’ आकडा नव्हे) आणि अंड्याचे टार्ट बहुधा तीन. चार-चारच्या टोपल्यांचा हिशेब चौघांच्या टेबलावर सरळ बसतो. पाच जण झाले की त्यांतही एक नग कमी आणि ‘तू घे, तू घे’ सुरू होतं. काही ठिकाणी जादा पैसे देऊन एक नग वाढवून मिळतो, विचारून पाहा.

आता खरी चूक. नवखी मंडळी दहाच्या दहा पदार्थांवर एकदम खुणा करतात. वाफेच्या टोपल्या सहा-सात मिनिटांत तयार होतात, त्यामुळे सगळं एका दमात टेबलावर येऊन आदळतं. टोपल्यांचे मनोरे रचले जातात, तळच्या टोपलीतलं थंड होतं, आणि वीस मिनिटांत जेवण संपून मंडळी रिकाम्या टेबलाभोवती एकमेकांकडे बघत बसतात. रिकामं टेबल दिसलं की वेटरही बिल आणून ठेवतो.

म्हणून दोन किंवा तीन फेऱ्यांत मागवा. पहिल्या फेरीत चारच: हार गाऊ, सिउ माय, एक चुंग फन (तांदळाची वाफवलेली गुंडाळी) आणि काळ्या सोयाबीनमधल्या वाफवलेल्या बरगड्या किंवा कोंबडीचे पाय. अर्ध्या तासाने दुसरी: चार सिउ बाओ, तव्यावर परतलेला लो बाक गो (मुळ्याच्या वड्या), वू गोक (अळकुडीचा तळलेला पदार्थ), एक हिरवी भाजी. भूक असेल तर लो माय गाय (कमळाच्या पानात वाफवलेला चिकट भात), पण तो शेवटी, कारण चिकट भात पहिल्यांदा खाल्ला की बाकीचं कुणी खात नाही. मग गोड. अंड्याचे टार्ट भट्टीतून येतात, त्यांना वेळ लागतो. ते दुसऱ्या फेरीतच सांगून ठेवा आणि ‘शेवटी आणा’ म्हणा.

ढकलगाड्यांवरून डिमसम आणतात ते कुठे?

आता थोड्याच ठिकाणी. सेंट्रल या भागातल्या सिटी हॉलचं मॅक्सिम्स पॅलेस त्यासाठी ओळखलं जातं. गाडी आली की टोपलीचं झाकण उचलून बघायचं, हवं ते घ्यायचं आणि बाई तुमच्या कार्डावर शिक्का मारते. मजा आहे, पण गाडी स्वयंपाकघरापासून तुमच्यापर्यंत फिरत येते, तोवर हार गाऊ शिळावतो. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मागा. गाडीवरून वाफेचे नाजूक पदार्थ घेण्यापेक्षा बरगड्या, पाय, लो माय गाय असे टिकाऊ घ्यावेत.

ठिकाण कसं निवडावं?

घराजवळचं. १९३३ पासूनचं लुक यू चहाघर किंवा २००९ मध्ये माँगकॉकच्या छोट्या गाळ्यातून सुरू होऊन मिशेलिनचा तारा मिळवणारं टिम हो वान एकदा बघायला ठीक आहे. पण बाहेर रांग आणि आत टेबल रिकामं करण्याची घाई असेल तर ती यम चा नव्हे. नेहमीच्या ठिकाणी वेटर तुमचा चहा ओळखतो, हे कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठं. साध्या ठिकाणी गर्दीत अनोळखी लोकांसोबत टेबल वाटून घ्यावं लागतं. त्यात वावगं काही नाही, त्यांच्याशी बोलायलाच हवं असंही नाही.

हार गाऊ चांगला झालाय हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकघराची परीक्षा याच एका पदार्थात होते, म्हणून जाणकार तो पहिला मागवतात.

आवरण गव्हाच्या स्टार्चचं असतं. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो ना, त्याचंच कोरडं, पांढरंशुभ्र रूप समजा. त्यात टॅपिओकाचा स्टार्च मिसळतात. या स्टार्चमध्ये ग्लुटेन जवळजवळ नसल्याने ते नुसत्या पाण्याने मळलं जात नाही. उकडीच्या मोदकासारखंच ते उकळत्या पाण्याने शिजवून घ्यावं लागतं, पाणी नुसतं गरम असेल तर उकड भुसभुशीत राहते आणि कळ्या पाडताना फाटते. पारी लाटत नाहीत. धार नसलेल्या रुंद सुरीच्या पात्याला तेल लावून गोळी एका झटक्यात दाबून पसरतात. मोदकाच्या कळ्या चहूबाजूंनी वर येतात, हार गाऊच्या मात्र एकाच बाजूला. सात तरी हव्यात, चांगला हात दहा-बारा पाडतो.

टोपली आली की बघा: आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसतोय का? आवरण पांढरं, अपारदर्शक असेल तर वाफ कमी पडली किंवा पारी जाड राहिली. उचलताना बूड फाटून कागदाला चिकटलं तर जास्त वाफवलंय किंवा टोपली बाहेर बराच वेळ पडून होती. कोळंबी चावताना कुरकुरीत वाटायला हवी. त्यासाठी तिला खाण्याचा सोडा किंवा स्टार्च चोळून वाहत्या थंड पाण्याखाली खूप वेळ धुतात. सारणात बांबूचे कोंब आणि डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असतात, रसाळपणा त्यांचाच. पाच मिनिटांच्या आत खा, आवरण निवलं की रबरासारखं होतं.

बाकीच्या पदार्थांत काय पाहायचं?

सिउ माय: उघड्या तोंडाचा, पिवळ्या आवरणाचा. मांस आणि कोळंबी मिठासोबत एकाच दिशेने ढवळून चिकट करतात, म्हणून घास लवचिक लागतो. भुगा होत असेल तर ढवळणं कमी पडलं.

चुंग फन: सालपापडी वाफेवरून सोलून काढल्यावर, वाळवायच्या आधी, जशी लागते तशीच ही तांदळाची तलम गुंडाळी. आत कोळंबी किंवा चार सिउ, वरून गोडसर सोया. सॉस टेबलावर ओततात ते बरोबर, आधीच ओतून आणला तर आवरण लगदा होतं.

लो बाक गो: इंग्रजी नावात सलगम असला तरी हा आपला पांढरा मुळा. किसून तांदळाच्या पिठात वाफवायचा, थंड करून वड्या पाडायच्या, तव्यावर लालसर करायच्या. कोथिंबीर वडीची पद्धत तंतोतंत. आत मऊ आणि बाहेर कुरकुरीत नसेल तर घाईत गरमच कापलेली.

चार सिउ बाओ: वाफवलेल्या बाओचा माथा फुटून उमललेला असावा. अमोनियाचा वास आला तर पिठात घातलेला अमोनियम बायकार्बोनेट वाफेत पुरता उडालेला नाही. परत पाठवा. ‘पाऊ’ हा उच्चार ऐकून पाव आठवतो, पण आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, याच्याशी त्याचं नातं नाही.

कोंबडीचे पाय खायचे कसे?

तळून, पाण्यात फुगवून, मसाल्यात शिजवून, मग वाफवलेले असतात. एक बोट तोंडात घ्या, सांध्यावर चावा, कातडी आणि कूर्चा चोखून घ्या, हाडं बशीत काढा. मांस नसतंच, शोधू नका.

शाकाहारी मित्र सोबत असेल तर?

इथे सावध राहावं लागतं, कारण मांस दिसत नाही अशा जागी असतं. लो बाक गोमध्ये सुकट आणि चिनी सॉसेज. वू गोकच्या आणि अंड्याच्या टार्टच्या कवचात डुकराची चरबी. तिळाच्या गोळ्यातल्या कमळबीजाच्या सारणातही चरबी असू शकते. गाय लान या हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर (कालव) सॉस. ‘भाजीचा’ म्हटलेल्या टोफूच्या गुंडाळीत कोळंबी. पेज कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यात.

नेहमीच्या रेस्टॉरंटात त्यातल्या त्यात चालणारे: काही न भरलेला साधा चुंग फन, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या सॉससह. भाज्यांचे डंपलिंग, सारण विचारून. गाय लान, ‘ऑयस्टर सॉस नको’ सांगून. अंडं चालत असेल तर मा लाय गो हा वाफवलेला केक, पण त्यातही चरबी नाही ना हे विचारा.

‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच अर्थ घेतला जाण्याची शक्यता असते. त्याऐवजी ‘ङो सिक चाय’ म्हणा, ‘मी चाय खातो’. हा चाय म्हणजे बौद्ध उपासाचं अन्न, आणि त्याचे नियम सगळ्यांना माहीत असतात. (बाराखडीतला ङ एकदाचा उपयोगी पडला.) चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला अनेक लोक चाय पाळतात, आपल्या एकादशीसारखं. काटेकोर चायमध्ये कांदा-लसूणही नसतो, पण इतर कंदमुळं असू शकतात, म्हणून जैन मित्राने विचारून घ्यावं.

पण सगळ्यांनाच मोकळेपणी खायचं असेल तर सरळ चाय रेस्टॉरंट गाठा. डायमंड हिलच्या नान लियान बागेत ची लिन भिक्षुणी मठाचं रेस्टॉरंट आहे, धबधब्यामागे. तिथे डिमसमही मिळतं.

डुकराचं किंवा गोमांस चालत नसेल तर?

सिउ माय, चार सिउ, बरगड्या थेट बाद. हार गाऊतही चरबी असते हे वर आलंच. टोफूच्या सालीवर ठेवलेले वाफवलेले गोळे गोमांसाचे. वान चायच्या इस्लामिक सेंटरमध्ये पाचव्या मजल्यावर कँटीन आहे, तिथे हलाल डिमसम मिळतं, डुक्कर अजिबात नाही. शुक्रवारी नमाजानंतर गर्दी होते.

शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी चाओचौ (क्वांगतुंगचा एक भाग) पद्धतीचं फन ग्वो हे डंपलिंग टाळावं, सारणात शेंगदाणे असतात.

कशासोबत काय लावायचं?

हार गाऊला काही नाही. गोमांसाच्या गोळ्यांना वूस्टरशायर सॉस, हे ब्रिटिश अमदानीचं उरलंसुरलं. रस्सा भरलेल्या मोठ्या डंपलिंगला आलं आणि लाल व्हिनेगर. मिरचीचा सॉस बशीच्या कडेला घ्या, टोपलीत ओतू नका.

टेबलावर काय टाळावं?

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, ती अंत्यविधीतली उदबत्ती दिसते. दोन जोड असतील तर एक वाढून घ्यायला, एक खायला. २००३ च्या सार्स साथीनंतर हा दुसरा जोड जास्त दिसू लागला. शेवटचा नग न विचारता उचलू नये, आधी इतरांपुढे करावा.

बिल कसं असतं?

हवेत सही केल्यासारखा हात करा किंवा ‘माय तान’ म्हणा. पदार्थ, माणशी चहा आणि शेंगदाण्याची बशी यांच्या बेरजेवर बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क. मध्यम ठिकाणी माणशी १२० ते २०० हाँगकाँग डॉलर धरून चला. टोपल्यांची संख्या कागदाशी ताडून बघा, गर्दीत एखादी शेजारच्या टेबलाची चढते. वेगळी टिप नको, सुटे पैसे सोडले तरी चालतात. वेटरचे आभार मानायला ‘म्म कोय’.

बिलासाठी झटापट होते, ती थोडीफार खरी असते. पैसे द्यायचेच असतील तर हात धुवायला उठल्याचं निमित्त करून काउंटरवर आधीच देऊन या. नाहीतर एकाने द्यावेत आणि पुढची यम चा दुसऱ्याच्या माथी.

उरलेलं घरी नेता येतं का?

खुशाल. ‘ता पाऊ’ म्हटलं की डबे येतात, त्यांचे किरकोळ पैसे लागू शकतात. बाओ आणि लो माय गाय दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात: बाओला पाच-सहा मिनिटं वाफ, लो माय गायला पंधरा, कमळाच्या पानासकट, आणि पान खायचं नाही. हार गाऊ फ्रीजमध्ये कडक होतो, कारण शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो. दोन-तीन मिनिटं वाफ दिली तर निम्मा सावरतो. मायक्रोवेव्हमध्ये कोरडाच घातला तर कडा चामड्यासारख्या होतात. चुंग फन नेऊच नका, तो टेबलावरच संपवा.